जपानी अक्षरांची राहायची सोय

बायकोने चपलांचा स्टँड जरासा डावीकडे सरकवला, एवढंच निमित्त झालं आणि फोरमनचा घोडा गेला.

तो दारातच उभा राहिला. एक पाय बुटात, दुसरा नुसत्या मोज्यात, डोळे गच्च मिटलेले. बायको हातात झाडू घेऊन त्याच्याकडे बघत राहिली.

"चक्कर येतेय का?"

"घोडा कुठाय?"

"कुठला घोडा?"

"इथे होता. स्टँडवर. तुझ्या त्या उंच टाचांच्या सँडल घालून उभा होता. तू काय हलवलंस?"

सुट्टीच्या सकाळी केर काढणाऱ्या बाईला नवऱ्याने असं विचारलं, तर तिने काय समजावं? दुसरी कोणी असती तर झाडू टाकून माहेरी फोन लावला असता. पण हिचं माहेर, म्हणजे तिची आई, याच घरात राहत होती, आणि ती स्वतः पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. नमुना तपासल्याशिवाय मत द्यायचं नाही, ही तिची शिस्त. तिने मुकाट्याने स्टँड होता तिथे परत ढकलला. फोरमनने एक डोळा किलकिला करून बघितलं, पुन्हा मिटला, आणि त्याचा चेहरा उजळला.

"आला. मानेवर आयाळ, खाली चार टिंबं म्हणजे चार पाय. आला बाई एकदाचा."

"बरं झालं. आता त्याला जरा बाजूला घ्या, मला खालचा केर काढायचाय."

हे सगळं वेडेपणाचं वाटेल, पण त्याला कारण होतं, आणि ते कारण होतं बाथरूम.

फोरमन पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात होता. कारखान्याच्या मोठ्या साहेबांनी एक जपानी मशीन घेतलं. खोक्यांना घड्या घालून गोंद लावणारं, वापरलेलं पण ठणठणीत. स्वस्तात मिळालं म्हणून साहेब खुशीत होते. स्वस्तात का मिळालं ते मशीन सुरू केल्यावर कळलं. त्याच्या पडद्यावरचा सगळा मजकूर जपानीत होता आणि तो बदलायची सोयच नव्हती. मशीन अडलं की पडद्यावर एक मोठं अक्षर लुकलुकायला लागायचं. आता ते पाणी मागतंय की जीव द्यायला निघालंय, हे कोणालाच समजेना. माहितीचं पुस्तक मागाहून पाठवतो म्हणालेला विक्रेता फोन उचलेना. शेवटी साहेबांनी स्वतः फोनचा कॅमेरा पडद्यासमोर धरून भाषांतर करून बघितलं, तर सगळ्या कामगारांसमोर फोन म्हणाला, "कृपया तोंड बंद करा." साहेबांना ते फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून कारखान्यात मोबाइल बंद झाले.

आणि मग साहेबांनी जाहीर केलं. जपानी शिकवणाऱ्या एक बाई कारखान्यात येतील, दोनशे अक्षरांचा तक्ता देतील, महिना संपला की परीक्षा. ज्याला सगळ्यात जास्त अक्षरं येतील तो या मशीनचा प्रमुख, आणि कंपनीच्या वसाहतीतल्या नव्या इमारतीतलं रिकामं घरही त्यालाच.

त्या घरात दोन बाथरूम होती.

फोरमनच्या सध्याच्या, वसाहतीतल्याच जुन्या घरात एकच होतं, आणि त्यात सासूबाई होत्या. तशा त्या जेवायला बाहेर यायच्या, झोपायलाही यायच्या, पण सकाळचे सगळे महत्त्वाचे तास आतच. आत त्या काय करायच्या हे विचारायची कोणाची छाती नव्हती. पाण्याचा आवाज यायचा, मग थांबायचा, आता येतील असं वाटायचं, की पुन्हा आवाज सुरू. लेक कॉलेजला पोचायची ती निम्मा तास बुडवून. बायको लॅबमध्ये जाऊन तोंड धुवायची. आणि फोरमन दाराबाहेर टॉवेल खांद्यावर टाकून उभा राहायचा. लग्न झाल्यापासून त्याने सासूबाईंसमोर आवाज चढवला नव्हता. दार वाजवणं तर लांबच, तो दारासमोर खाकरतसुद्धा नसे. त्यांना घाई केल्यासारखं वाटेल म्हणून.

त्यामुळे 'दोन बाथरूम' हे दोन शब्द ऐकले आणि फोरमनने हात वर केला. त्याच्याबरोबर आणखी एकच हात वर झाला. तो होता दुसऱ्या पाळीच्या सुपरवायझरचा. याला सगळे घोकू म्हणत. त्याने कंपनीची नियमावली पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पाठ केली होती, आणि कोणी रजा मागितली की तो ती म्हणून दाखवायचा. बिचारा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायचा आणि वसाहतीत घर मिळावं म्हणून वर्षानुवर्षं अर्ज करायचा. तो तक्ता हातात आल्या आल्या पुटपुटायलाच लागला.

फोरमनच्या स्मरणशक्तीबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर चष्मा शोधायचा, हे तर सगळेच करतात. पण फोरमन चष्मा शोधता शोधता आपण काय शोधतोय हेच विसरायचा. एक अक्षर शंभरदा लिहायचं, असं त्याने ठरवलं. शंभरदा लिहून झालं, पाणी प्यायला उठला, परत येऊन कागदाकडे बघितलं आणि म्हणाला, "हे कोणी लिहिलं?"

शेवटी लेकीला दया आली.

"बाबा, अक्षरं डोक्यात ठेवायचीच नसतात. तुझ्या डोक्यात तर नाहीच. घरात ठेवायची."

"म्हणजे?"

"घरातल्या एकेका जागेवर एकेक अक्षर बसवायचं. त्याच्या आकाराचं चित्र करायचं. जितकं वेडगळ, तितकं पक्कं. मग मनातल्या मनात घरात शिरायचं, एकेका जागेपाशी जायचं. अक्षर तिथे बसलेलं सापडतं."

फोरमनला हे पटलं. अक्षर विसरेल, पण राहतं घर माणूस कसा विसरेल? त्याच संध्याकाळी त्याने तक्ता घेऊन सामान लावायला सुरुवात केली. चपलांच्या स्टँडवर घोडा गेला. दाराला 'ऐकणे' बसलं, कारण ते अक्षर म्हणजे दोन फळ्यांचा दरवाजा आणि मधे कान. तिथे त्याने समोरच्या शेजारणीचा कान लावला, आणि ते अक्षर पुन्हा कधी विसरला नाही. शेगडीवर 'आग' बसली. दोन्ही हात वर करून नाचणारा माणूस. फ्रिजमध्ये 'वीज' शिरली. वरच्या कप्प्यात पाऊस, मधल्या कप्प्यात शेत, आणि खाली वायरसारखी लोंबणारी शेपटी. सोफ्याच्या एका टोकाला माणूस झाडाला टेकला होता, त्याचा अर्थ 'विश्रांती'.

"हे तुमचंच चित्र आहे," बायको म्हणाली. "यात पाठ काय करायचंय?"

सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई बसायच्या. तिथलं अक्षर होतं छपराखाली बसलेली बाई. अर्थ, 'शांतता'.

"हे कुठल्या घरात बघितलं त्यांनी?" बायकोने विचारलं. मग आईकडे बघून ती केर भरायला निघून गेली.

बघता बघता घर भरलं. पाणी, तेल, गरम, थंड, दाब अशी मशीनची खास अक्षरं त्याने बाथरूममध्ये ठेवली, कारण तिथे ती शोभत होती. रोज सकाळी फोरमन दारापासून फेरी सुरू करायचा. स्टँडपाशी थांबून मान हलवायचा, शेगडीपाशी हात वर करायचा, फ्रिज उघडून शेताला बघायचा. शेवटी बाथरूमपाशी यायचा. तिथे दार बंद. मग तो टॉवेल खांद्यावर टाकून उभा राहायचा, आणि उभा राहता राहता कामाला जायची वेळ व्हायची.

इथवर सगळं छान होतं. पण अक्षरं घरात राहायला आली म्हटल्यावर घर हलवायची सोय उरली नाही. खुर्ची सरकली की 'डोंगर' पडायचा. पडदा धुवायला काढला तर 'नदी' गेली. लेकीने कोट भलत्याच खुंटीला लावला म्हणून 'धोका' आणि 'थांबा' यांची अदलाबदल झाली, आणि मशीनच्या बाबतीत ती बरी नव्हे. एकदा पंख्याचा वारा लागतो म्हणून सासूबाई सोफ्यावरून उठून खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसल्या. फोरमन त्यांच्यासमोर हात जोडून उभा राहिला.

"आई, जरा सोफ्यावर येता का?"

"का हो जावईबापू?"

"नाही, शांतता खुर्चीत गेली ना."

सासूबाईंनी मुलीकडे बघितलं. मुलीने, परीक्षा होईपर्यंत, अशी खूण केली. सासूबाई शाल घेऊन सोफ्यावर परत आल्या, पण दिवसभर कोणाशी बोलल्या नाहीत. त्यामुळे ते अक्षर आणखी पक्कं झालं.

परीक्षा आठवड्यावर आली आणि दोन माणसं नवा सोफा घेऊन दारात उभी राहिली. बायकोने तो कधीचा सांगून ठेवला होता. जुना मागच्या गल्लीतल्या दंतवैद्य बाई त्यांच्या दवाखान्यातल्या बाकाच्या जागी घेणार होत्या.

"जुना जाणार नाही," फोरमन म्हणाला, आणि सोफ्यावर आडवा झाला.

"अहो, उठा. माणसं ताटकळलीत."

"यात माझी सतरा अक्षरं आहेत. विश्रांती आहे, शांतता आहे. उशांखाली अख्खे आठवड्याचे वार आहेत. नव्यावर मी आठवड्यात काय काय बसवू?"

"मी शब्द दिलाय त्यांना. त्या घरी जेवायला न जाता वाट बघतायत."

सोफा आणणाऱ्या माणसांपैकी मोठा होता तो खाली वाकून अदबीने म्हणाला, "साहेब, सामान आत असेल तर काढून घ्या. आम्ही थांबतो." फोरमनला त्याचं बोलणं फार सुसंस्कृत वाटलं. पण काढणार काय? शेवटी जुना सोफा निघाला आणि फोरमन जिन्यावरून त्याच्या मागोमाग 'सोमवार, मंगळवार' म्हणत उतरला.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर तो थेट दवाखान्यात गेला आणि सोफ्यावर बसला. नुसतं बसल्याबरोबर सगळे वार रांगेने समोर आले. शांतता शोधायला तो दुसऱ्या टोकाला सरकला, तर तिथे गालाला रुमाल लावलेले एक गृहस्थ होते.

"तुम्ही जरा इकडे याल का? तिथे आमच्या सासूबाई आहेत."

गृहस्थ उठले आणि आपला नंबर सोडून निघून गेले. लगेच दंतवैद्य बाईंनी दारातून हाक मारली, "चला, पुढचे कोण?" पुढचा कोणी नव्हताच. फोरमनच होता. मी नुसता सोफ्याला भेटायला आलोय, असं सांगायची त्याला लाज वाटली.

"काय होतंय?"

"काही नाही. म्हणजे, थोडंसं दुखतं. कधी कधी."

"कुठली?"

फोरमनने भिडेपोटी एका दाढेकडे बोट दाखवलं. बाईंनी ती तपासली आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "वेळेवर आलात. आता रोज यावं लागेल."

फोरमनला इतका आनंद झाला की बाई बघतच राहिल्या. रोज यायचं म्हणजे रोज सोफा. तो मुद्दाम तासभर आधी जायचा आणि आपला नंबर आला तरी दुसऱ्याला पुढे पाठवायचा. सगळे म्हणायचे, काय पण धीराचा माणूस आहे. असा आठवडाभर त्याने सोफा पाठ केला. सतराच्या सतरा अक्षरं पक्की झाली, आणि दाढ गेली.

परीक्षेच्या दिवशी फोरमनचा एक गाल सुजलेला होता. कारखान्याच्या सभागृहात जपानीच्या बाईंनी प्रश्नपत्रिका वाटल्या. शेजारच्या बाकावर घोकू होता. बाईंनी अक्षरं उलटसुलट दिली होती, आणि ते बघून घोकूचा चेहरा पडला. त्याला सगळी अक्षरं यायची, पण पहिल्यापासून. प्रत्येक प्रश्नाला तो तक्त्याच्या सुरुवातीला जायचा आणि पुटपुटत पुटपुटत त्या अक्षरापर्यंत यायचा.

फोरमनने डोळे मिटले, मनातल्या मनात बूट काढले आणि घरात शिरला. घोडा सँडल घालून तयार. शेजारणीचा कान दाराला. आग नाचतेय, फ्रिजमध्ये पाऊस पडतोय. सोफ्यापर्यंत जायला मधे एकदा दवाखान्यात जाऊन यावं लागलं, पण तेही झालं. त्याची पेन्सिल भराभर चालत होती. शेवटी उरली मशीनची अक्षरं, ज्यांना सगळ्यात जास्त गुण होते. तो बोळातून बाथरूमपाशी आला.

दार बंद होतं. आत पाणी वाहत होतं.

फोरमन थांबला. सवयच होती. महिनाभर रोज सकाळी तो इथे येऊन थांबला होता, आणि त्या थांबण्याचाच पाठ सगळ्यात पक्का झाला होता. तो भिंतीला टेकला. पाणी थांबलं. आता येतील, असं त्याला वाटलं. पाणी पुन्हा सुरू झालं.

बाई फिरत फिरत त्याच्यापाशी आल्या. "का थांबलात?"

"आत आहेत," फोरमन डोळे न उघडता म्हणाला.

"कोण?"

"आमच्या सासूबाई."

बाईंनी सभागृहाच्या दाराकडे बघितलं, मग त्याच्या सुजलेल्या गालाकडे. "वेळ लागेल का त्यांना?" त्यांनी हळूच विचारलं.

"ते कोणालाच सांगता आलेलं नाही."

"दहाच मिनिटं राहिलीत."

या दाराच्या आत तेल होतं, पाणी होतं, दाब होता, नवं घर होतं, दोन बाथरूम होती. आणि तो बाहेर टॉवेल घेऊन उभा होता. खाकरून बघावं असं मनात आलं. पण इतक्या वर्षांत जे केलं नाही ते परीक्षेच्या हॉलमध्ये कसं जमावं? शेजारी घोकू सतराव्यांदा पहिल्यापासून निघाला होता. फोरमनने पेन्सिल खाली ठेवली, बाकावर मूठ आपटली आणि मोठ्याने म्हणाला, "आई, पुरे झालं. आता बाहेर या. बाकीच्यांनी जायचं कुठे?"

सगळ्या सभागृहाने माना वळवल्या. घोकूची गाडी मधेच तुटली आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून निघावं लागलं. इकडे बाथरूमचं दार उघडलं. सासूबाई बाहेर आल्या, ओले केस पुसत निघून गेल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. फोरमन आत घुसला. सगळं तिथेच होतं. फळीवर तेल, नळाखाली पाणी, कोपऱ्यात गरम आणि थंड. बाईंनी पेपर ओढून घेतला तेव्हा तो शेवटचा 'दाब' लिहीत होता.

घरी आला आणि त्याला सासूबाईंच्या तोंडाकडे बघवेना. दोन दिवस त्याने कळ काढली. तिसऱ्या दिवशी तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"आई, मी तुम्हाला जरा लागेल असं बोललो. माफ करा."

"कधी?"

"परीक्षेत. तुम्ही आत होतात."

सासूबाईंनी विचार केला. "मग मी काय म्हणाले?"

"काही नाही. मुकाट्याने बाहेर आलात."

"हात्तिच्या," सासूबाई म्हणाल्या. "मग ती मी नव्हेच."

निकाल लागला. फोरमन पहिला, घोकू थोडक्यात मागे. शेवटचे काही प्रश्न बघायलाही घोकूला वेळ उरला नव्हता. बायकोने लॅबमध्ये पेढे वाटायचे ठेवून पोटभर रडून घेतलं, आणि लेक आनंदाने नाचली. सासूबाई नवं घर बघायला गेल्या, दोन्ही बाथरूममधले नळ सोडून बघितले आणि त्यातलं मोठं आपलं म्हणून सांगून टाकलं. फोरमनची काहीच हरकत नव्हती. सामान हलवायच्या दिवशी मात्र फ्रिज उचलला गेला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"अगं, आणि अक्षरं?"

"ती कशाला हलतायत, बाबा?" लेक म्हणाली. "जुनं घर तुझ्या डोक्यात तसंच आहे. डोळे मिटायचे आणि जायचं."

आणि तसंच झालं. मशीनवर काम करताना डोळे मिटले की जुनं घर जागच्या जागी असायचं. त्याची सद्दी सुरू होती. साहेब पाहुण्यांना मुद्दाम त्याच्यापाशी आणायचे आणि म्हणायचे, "हे आमचे जपानीवाले."

एका दुपारी साहेब असेच एका मोठ्या गिऱ्हाइकाला घेऊन आले. वर्षभराच्या खोक्यांचं काम देणारं गिऱ्हाईक. मशीन झोकात चाललं होतं, आणि अचानक थांबलं. पडद्यावर एक अक्षर लुकलुकू लागलं.

"काय म्हणतंय?" साहेबांनी हसत विचारलं.

"एक मिनिट," फोरमन म्हणाला. त्याने ते अक्षर ओळखलं. बाल्कनीतलं. बाल्कनीच्या दाराशी आपण काहीतरी बसवलं होतं, नक्की. त्याने डोळे मिटले, जुन्या घराच्या दाराशी आला, कडीला हात घातला आणि जागीच थांबला.

दारावर दुसरीच पाटी होती. घोकूची.

जुनं घर रिकामं झाल्यावर कंपनीने ते घोकूला दिलं होतं. इतक्या वर्षांच्या अर्जांना एकदाचं फळ आलं होतं. परवाच घोकूकडचे सगळे राहायला आले होते आणि काल फोरमनने त्याचं अभिनंदनही केलं होतं. आता आतून टीव्हीचा आवाज येत होता. कोणाच्या घरात न विचारता शिरायचं म्हणजे काय? फोरमनने मनातल्या मनात बेल दाबली. कोणी उघडलं नाही. उघडणार कसं? घोकूच्या बायकोला त्याने कधी बघितलंच नव्हतं.

"किती वेळ?" साहेबांचं हसू आता निम्म्यावर आलं होतं. "जमतंय ना? नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल आम्हाला."

फोरमनने डोळे उघडले. पलीकडे घोकू हाताची घडी घालून उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते.

"मी निघालोय पहिल्यापासून," घोकू म्हणाला. "एक, दोन, तीन, माणूस, तोंड. संध्याकाळपर्यंत पोचेन."

फोरमन त्याच्याजवळ सरकला. "तुमच्या घरी जरा यायचं होतं."

"आत्ता?"

"डोक्यातल्या डोक्यात. बाल्कनीपर्यंतच. कशाला हात लावणार नाही."

घोकू त्याच्याकडे बघत राहिला. थोडक्यात हुकलेलं पद त्याच्या डोळ्यांपुढे आलं, मोठं घर आलं, दोन बाथरूम आली. नुसतं 'नको' म्हटलं असतं, तर संध्याकाळी सगळं त्याचं होतं.

"बाल्कनीत अडगळ आहे," तो म्हणाला.

"मी बाजूने जाईन."

"घरात पसारा आहे हो. तुम्ही येणार माहीत असतं तर आवरून तरी ठेवलं असतं."

"इकडेतिकडे बघणार नाही. शब्द."

साहेबांनी घड्याळ बघितलं. गिऱ्हाइकाने साहेबांकडे बघितलं. घोकूने एक लांब श्वास सोडला आणि हाताची घडी मोकळी केली.

"या," तो म्हणाला. "बूट काढले नाहीत तरी चालेल."

फोरमनने डोळे मिटले. तरी त्याने बूट काढलेच. भरल्या कारखान्यात, मशीनसमोर, मोज्यांवर उभा राहून तो दुसऱ्याच्या घरात शिरला, खोक्यांमधून वाट काढत खाली मान घालून बाल्कनीपर्यंत गेला. दोन फळ्यांचं दार होतं. त्याची लेक दोन्ही हातांनी ते ढकलत होती.

"उघडं आहे," फोरमन म्हणाला. "मागचं झाकण उघडं राहिलंय."

कोणीतरी पळत मागे गेलं आणि झाकण दाबलं. मशीन सुरू झालं. गिऱ्हाईक टाळ्या वाजवायला लागलं, साहेबांनी फोरमनच्या पाठीवर थाप मारली आणि सगळे पुढच्या मशीनकडे निघाले.

फोरमन परत निघाला. पडत्या आवाजात 'आभारी आहे' म्हणून तो त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आला असेल नसेल, तोच घोकू त्याच्या कानाशी वाकला.

"आता आलाच आहात," तो म्हणाला, "तर चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

पहिल्यांदाच बोलावलेल्या माणसाला नाही म्हणणं बरं दिसत नाही. फोरमन तसाच डोळे मिटून मशीनशेजारच्या स्टुलावर बसला, आणि चहा कसा झालाय असं घोकूने विचारेपर्यंत थांबला.